काचेखालची शाई आणि लक्ष्मीबाईंची प्रत



यंदाच्या दशलक्षण पर्वात स्वाध्यायाला मी जी करडी पाटी मांडीवर घेऊन बसत होते, तिच्याबद्दल इतक्या जणींनी विचारलं की उत्तर एकदाच लिहून टाकावं म्हटलं. मुलुंडच्या एक काकू तर जरा नाराजीनेच म्हणाल्या, "शास्त्रासमोर मोबाईल?" मोबाईल नव्हे तो. ती ई-इंकची वही आहे. तिच्यावर पेनाने लिहिता येतं, लिहिलेलं खोडता येतं, आणि माझ्या वहीवर व्हॉट्सॲप येत नाही. हे शेवटचं मी गुण म्हणून सांगते आहे.

पण "घ्या" किंवा "नको" एवढंच सांगून मला थांबता यायचं नाही. दोन वर्षं वापरल्यावर या वहीचा हिशेब माझ्या मनात आपल्या ग्रंथांच्या इतिहासाशी जोडला गेला आहे. त्या इतिहासात मिरजेकडच्या एका पंडितांची पत्नी आहे, जिचं नाव आपण श्रुतपंचमीलासुद्धा फारसं घेत नाही. तिच्यापर्यंत येतेच, आधी ही पाटी काय आहे ते सांगते.

मोबाईलचा पडदा स्वतः उजेड फेकतो. ई-इंकचा पडदा उजेड फेकत नाही, कागदासारखा बाहेरचा उजेड परत पाठवतो. त्याच्या काचेखाली केसाच्या जाडीच्या बारीक कुप्यांचा थर असतो. प्रत्येक कुपीत पातळ द्रव, आणि त्यात पांढरे व काळे कण. पांढऱ्यांवर एका जातीचा विद्युतभार, काळ्यांवर उलट जातीचा. खालून वीज दिली की एक रंग वर येतो, दुसरा तळाला जातो. एकदा कण जागी बसले की तिथेच राहतात, त्यांना धरून ठेवायला वीज लागत नाही. वीज लागते ती पान बदलताना आणि लिहिताना. म्हणून माझी वही एकदा चार्ज केली की आठवडाभर तरी विचारत नाही, आणि चार्ज संपला तरी शेवटचं पान पडद्यावर तसंच दिसत राहतं. म्हणजे शाई आहे बरं का, फक्त ती काचेखाली कोंडलेली आहे.

ही कल्पना आजची नाही. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात निक शेरिडन यांनी १९७० च्या दशकात अर्ध्या काळ्या, अर्ध्या पांढऱ्या अशा इवल्या गोळ्यांचा पडदा बनवला होता. ऑफिसातल्या कागदाची जागा घेणारं काहीतरी त्यांना हवं होतं. ते बाजारात फारसं चाललं नाही. मग १९९० च्या दशकात एमआयटीमध्ये जोसेफ जेकबसन आणि त्यांचे दोन विद्यार्थी, बॅरेट कॉमिस्की व जे. डी. आल्बर्ट, यांनी कुप्यांची युक्ती जमवली. १९९७ साली ई इंक नावाची कंपनी निघाली, २००४ साली जपानमध्ये सोनीने या पडद्याचं पुस्तक-यंत्र विकायला काढलं, २००७ साली किंडल आलं. २००९ मध्ये ती कंपनी तैवानच्या एका उद्योगाने विकत घेतली.

आपल्याकडे हा पडदा पुस्तकातून आला नाही, फोनमधून आला! २००६ च्या अखेरीस मोटोरोलाने मोटोफोन एफ३ हा स्वस्तातला फोन भारतात आणला. त्याला ई-इंकचा पडदा होता. भर उन्हात आकडे स्वच्छ दिसत आणि बॅटरी खूप टिके. मेसेज वाचणं मात्र शिक्षाच, एका वेळी मोजकीच अक्षरं मावायची. अंधेरीला आमच्या जुन्या बिल्डिंगच्या वॉचमनकडे तो होता. आपण ई-इंक पाहतो आहोत हे तेव्हा ना त्याला ठाऊक होतं, ना मला.

लिहिता येणारी ई-इंक वहीसुद्धा त्याच वर्षीची. हॉलंडमधल्या आयरेक्स या कंपनीने २००६ मध्ये इलियड नावाचं यंत्र काढलं, त्यावर पेनाने टिपणं करता येत. महाग, मंद, पण लिहिता येत होतं. या कंपनीचं पुढे काय झालं ते नंतर सांगते, कारण माझा खरा मुद्दा तिथेच आहे. सोनीने मोठ्या कागदाच्या आकाराचा डिजिटल पेपर आणला, २०१७ मध्ये नॉर्वेच्या रिमार्केबलची पहिली वही आली, २०२२ मध्ये ॲमेझॉनचं किंडल स्क्राइब. आता चिनी कंपन्यांच्याही पुष्कळ आहेत. यांतल्या बऱ्याच वह्यांच्या पेनात बॅटरीच नसते. पडद्याखाली तारांची जाळी असते, तीच पेनाला वीज पुरवते आणि पेन कुठे टेकलं ते ओळखते. हे मला फार आवडतं, नाहीतर घरात चार्जिंगला लावायच्या वस्तू काय कमी आहेत!

आता रोजच्या वापराचं सांगते. बोरिवलीहून चर्चगेटची गाडी, खिडकीतून तिरपं ऊन. त्या उन्हात मोबाईलवर काही वाचता येत नाही, या वहीवर उलट जास्त छान दिसतं. तासभर लिहिलं तरी डोळे चुरचुरत नाहीत. रात्री दिव्याखाली बसलं तर जेवढा उजेड खोलीत, तेवढाच पानावर. चातुर्मासात उजळ पडद्यावर चिलटं येऊन आपटतात आणि आपला हात अडखळतो, ते इथे होत नाही, कारण माझ्या वहीला स्वतःचा दिवाच नाही. रिमार्केबलच्या पहिल्या दोन्ही वह्याही अशाच बिनदिव्याच्या होत्या. काहींना ती खोट वाटते, मला नाही वाटत.

दुसरा फायदा कपाटाचा. स्वाध्यायाच्या वह्या साठत जातात, आणि मुंबईच्या पावसाळ्यात त्यांना दमट वास येतो, कसर लागते. मग ती कसर झटकायची कशी, हा आपल्या घरांतला नेहमीचा पेच. लिहिलेला कागद रद्दीत द्यायचा नाही, पायाखाली येऊ द्यायचा नाही, णमोकार लिहिलेलं पान तर कुठे ठेवावं हेच कळत नाही. माझ्या एका वहीत आता तत्त्वार्थसूत्राची टिपणं आहेत, पाठशाळेच्या मुलांची हजेरी आहे, संघ येतो तेव्हाची चौक्याची यादी आहे, आणि दूधवाल्याचे खाडेही आहेत. शास्त्राची पानं वेगळ्या कप्प्यात, घरखर्चाची वेगळ्या. अविनय व्हायची भीती कमी झाली.

ज्यांचा अष्टमी-चतुर्दशीला विजेची वस्तू न वापरण्याचा नियम आहे, त्यांनी "हिला तर फारशी वीज लागत नाही" अशी पळवाट काढू नये. नियम तो नियम. मी त्या दिवशी कागदावरच लिहिते.

आता त्रास. पहिला म्हणजे सावली. पान उलटल्यावर मागच्या पानातली अक्षरं पुसट मागे राहतात. कण सगळेच्या सगळे जागचे हलत नाहीत ना, म्हणून. ती घालवायला वही मधूनच अख्खा पडदा काळा करून पुन्हा पांढरा करते, आणि शेजारी बसलेल्या बाई दचकतात. दुसरा, चाळता न येणं. कागदी वहीत "ते गुणस्थानांचं कोष्टक मध्याच्या जरा अलीकडे, डाव्या हाताला, चहाचा डाग असलेल्या पानावर" असं हाताला आठवतं. इथे सगळी पानं सारख्याच जाडीची, किंबहुना जाडीच नाही. एक एक पान सरकवत बसा, आणि प्रत्येक पान क्षणभर विचार करून येणार. प्रवचनात महाराज मागच्या गाथेकडे वळले की माझी शोधाशोध संपेपर्यंत ते पुढे गेलेले असतात.

तिसरा त्रास देवनागरीचा. हाताने लिहिलेलं टाइप करून देतो, असं ही यंत्रं मोठ्या तोऱ्यात सांगतात. इंग्रजीत जमतंही. माझ्या यंत्राला माझं मराठी वळण कळत नाही, प्राकृत तर सोडाच. त्यामुळे लिहिलेल्यात शब्द शोधायचा म्हटलं तर डोळेच वापरायचे. शिवाय पेनाची नीब. पडदा कागदासारखा खरखरीत केलेला असतो, म्हणून लिहायला गोड वाटतं, पण त्या खरखरीने नीब झिजते, आणि मी दाबून लिहिते. आणि किंमत! चांगल्या मोबाईलइतके पैसे. रोज लिहिणारीने घ्यावी. महिन्यातून दोनदा लिहिणारीने दोनशे पानी वही घ्यावी आणि उरलेल्या पैशांत सम्मेद शिखरजी करून यावं.

हे सगळे त्रास सहन होण्यासारखे आहेत. जो होत नाही, तो इतिहासाशिवाय नीट सांगता येणार नाही.

लिहायचं साधन बदललं की आपल्या माणसांची पहिली प्रतिक्रिया काय असते ते पाहा. ताडपत्र होतं तेव्हा पानांना भोक पाडून दोरी ओवत. दक्षिणेत पुष्कळदा लोखंडी कंटकाने अक्षरं कोरत आणि वरून काजळी चोळत. मग कागद आला. कागदाला मधोमध भोक पाडायची गरज नव्हती, तरी लेखनिक कित्येक शतकं पानाच्या मध्यावर जागा मोकळी सोडत राहिले, आणि तिथे लाल टिकली काढू लागले. गुजरात-राजस्थानच्या कल्पसूत्राच्या पोथ्यांत हे अगदी स्पष्ट दिसतं. दोरी गेली, टिकली राहिली. माझ्या ई-इंक वहीत पान उघडलं की डावीकडे समासाची उभी रेघ येते. कशासाठी? शिवायचं काहीच नाही. पण ती रेघ नसेल तर मला लिहायला सुचत नाही.

छपाई आली तेव्हा तर मोठंच वादळ झालं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शास्त्र छापणं म्हणजे अविनय, असं मानणारे आपल्या समाजात पुष्कळ होते. छापलेलं शास्त्र मंदिरात ठेवायचं नाही, त्यावरून स्वाध्याय करायचा नाही, असा आग्रह होता. त्यांना हसू नये. यंत्रात काय वापरतात, छापलेलं पान कुणाच्या पायाखाली येईल, या शंका आपल्या संस्कारातूनच आल्या होत्या. मुलुंडच्या काकूंचा प्रश्न त्याच वंशातला आहे, आणि मी त्याचा राग मानला नाही.

आता मूडबिद्री. आपल्यातल्या बऱ्याच जणींनी श्रवणबेळगोळला जाताना ते क्षेत्र केलं असेल. तिथल्या सिद्धांत बसदीत षट्खंडागमाच्या धवला टीकेची, जयधवलेची आणि महाबंधाची, म्हणजे ज्याला महाधवल म्हणतात त्याची, ताडपत्रं होती. भाषा प्राकृत-संस्कृत, लिपी जुनी कन्नड. गिरनारच्या गुहेत धरसेन आचार्यांनी पुष्पदंत आणि भूतबली यांना जे शिकवलं, जे पूर्ण झालं त्या ज्येष्ठ शुद्ध पंचमीला आपण श्रुतपंचमी करतो, त्याचा लिखित वारसा एवढ्या एका जागी उरला होता. यात्रेकरू यायचे, वेष्टनातल्या ग्रंथांचं दर्शन घ्यायचे, हात जोडून परतायचे. वाचणारं जवळजवळ कुणी नव्हतं.

१८८३ साली मुंबईचे शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी संघ घेऊन तिथे गेले. हेच ते, ज्यांची मुलगी मगनबाई पुढे मुंबईच्या श्राविकाश्रमाची जननी झाली. ताडपत्रं जीर्ण झालेली पाहून ते अस्वस्थ झाले आणि त्यांनी सोलापूरच्या शेठ हिराचंद नेमचंद दोशींना कळवलं. हिराचंदजी म्हणजे 'जैन बोधक' हे मराठी मासिक चालवणारे. ते श्रवणबेळगोळच्या ब्रह्मसूरी शास्त्रींना बरोबर घेऊन मूडबिद्रीला गेले. दोघांनी पैसा उभा केला, तिथल्या पंचांची समजूत घातली, आणि १८९६ साली नकलेचं काम सुरू झालं. बसले दोघे पंडित, ब्रह्मसूरी शास्त्री आणि मिरजेचे गजपती शास्त्री. माझं माहेर सांगलीकडचं, त्यामुळे मिरज म्हटलं की माझे कान टवकारतात.

ब्रह्मसूरी शास्त्री मध्येच वारले. गजपती शास्त्री लिहीत राहिले. एक पान समोर, एक पान हाताखाली, वर्षामागून वर्ष. सगळ्या ग्रंथांच्या नकला पुऱ्या व्हायला १९२२ साल उजाडलं, म्हणजे सव्वीस वर्षं, आणि खर्च वीस हजार रुपयांच्या घरात. पण अट अशी होती की नकला मूडबिद्रीबाहेर जायच्या नाहीत. म्हणजे आधी एका कपाटात एक प्रत होती, आता त्याच गावात दोन-तीन प्रती झाल्या. आग लागली असती, पाणी शिरलं असतं, तर सगळ्या एकदमच गेल्या असत्या.

इथे लक्ष्मीबाई येतात. गजपती शास्त्रींची पत्नी, आणि लिहिता-वाचता येणारी. दिवसा बसदीत चालणाऱ्या कामाबरोबरच या नवरा-बायकोने घरी गुपचूप आणखी एक प्रत कन्नड लिपीत उतरवली. डॉ. हिरालाल जैन यांनी षट्खंडागमाच्या प्रस्तावनेत हा सगळा वृत्तांत दिला आहे, म्हणून लक्ष्मीबाईंचं नाव तरी आपल्याला कळतं. मी तो भाग पहिल्यांदा वाचला तेव्हा तिथेच थांबले. धवला टीकाच बहात्तर हजार श्लोकांएवढी मानतात, जयधवला साठ हजार. स्वयंपाक, सोवळं, पाणी गाळणं, दळणकांडण, सूर्यास्ताआधीची जेवणं, हे सगळं सांभाळून ती बाई लिहीत बसली असेल. स्त्रीने सिद्धांतग्रंथ वाचावा की नाही यावर जिथे वाद होते, तिथे तिने तो लिहिला.

पुढे गजपती शास्त्री ती प्रत घेऊन सोलापूरला हिराचंदजींकडे आले. त्यांनी ती घेतली नाही. पंचांना शब्द दिलेला, चोरून केलेली प्रत कशी ठेवायची? अचौर्याचं व्रत घेतलेल्या माणसाने दुसरं काय करायचं होतं! मग ती सहारनपूरला गेली आणि लाला जंबूप्रसाद यांनी मोल देऊन आपल्या मंदिरासाठी ठेवून घेतली. तिथे कन्नडवरून देवनागरी करायला पंडित बसवले, त्यांतल्या सीताराम शास्त्रींनी स्वतःसाठीही एक प्रत ठेवली. आणि त्या प्रतीवरून नकला निघाल्या. विदर्भात अमरावती आणि कारंजा, बिहारमध्ये आरा, अशा गावोगावी त्या पोचल्या.

अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकवणारे हिरालाल जैन यांनी या नकला एकमेकींशी ताडून संपादन केलं. कोल्हापूरचे डॉ. आ. ने. उपाध्ये त्यांच्या साहाय्याला होते. १९३९ साली पहिला भाग छापून निघाला, सोळावा १९५८ साली. आज बोरिवलीच्या मंदिरात कपाट उघडून कुणीही षट्खंडागम हातात घेऊ शकतं, त्याची वाट त्या चोरट्या प्रतीवरून आलेली आहे. चोरी बरोबर की चूक, यावर आमच्या स्वाध्यायात दोन तास वाद झाला. माझं मत विचाराल तर मी लक्ष्मीबाईंच्या बाजूची आहे, आणि हिराचंदजींनाही चूक म्हणणार नाही.

पण नकलेची दुसरी बाजू पाहा. सत्प्ररूपणेतलं त्र्याण्णवावं सूत्र मनुष्यिणींबद्दल आहे, त्या कोणत्या गुणस्थानांत नियमाने पर्याप्त असतात ते सांगणारं. संपादकांच्या हातातल्या प्रतींत तिथे 'संजद', म्हणजे संयत, हा शब्द नव्हता. अर्थ पाहता तो असायला हवा, असं त्यांना वाटलं आणि त्यांनी तळटीपेत तसं सुचवलं. पुढे मूडबिद्रीच्या ताडपत्रांशी ताडून पाहिलं, तर शब्द तिथे होता! नकलेवरून नकल होताना कुठेतरी गळला होता. मग त्या सूत्रातली मनुष्यिणी म्हणजे भावस्त्री की द्रव्यस्त्री, शब्द ठेवावा की नाही, यावर पंडितांत वर्षानुवर्षं चर्चा झाली. त्यातला सिद्धांत सांगण्याची माझी पात्रता नाही. मला एवढंच दिसतं की बायकांविषयीच्या सूत्रातला एक शब्द गळाला होता, आणि मूळ पान जपलेलं होतं म्हणून तो सापडला. प्रती पुष्कळ हव्यात आणि मूळही हवं.

आचार्य शांतिसागर महाराजांनी यावर वेगळाच उपाय काढला होता. मूडबिद्रीच्या ताडपत्रांचा काही भाग किड्यांनी खाल्ला हे कळल्यावर, १९४० च्या दशकात त्यांच्या प्रेरणेने हे ग्रंथ तांब्याच्या पत्र्यांवर कोरवले गेले. ते ताम्रपट फलटणला जपलेले आहेत. तांब्याला कसर लागत नाही आणि चार्जिंगही लागत नाही.

आता माझ्या वहीकडे येते. तिच्यातलं लिखाण कुठे असतं? यंत्रात, आणि कंपनीच्या दूरच्या संगणकांवर. कोणत्या रूपात? बहुतेक कंपन्या आपापल्या खास रूपात साठवतात, ते दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात जसंच्या तसं उघडत नाही. २००६ मध्ये इलियड आणणारी आयरेक्स कंपनी २०१० साली दिवाळखोरीत गेली. यंत्र हातात राहिलं, मागे उभं राहणारं कुणी राहिलं नाही. रिमार्केबलने २०२१ मध्ये आपल्या काही सोयींना महिन्याची वर्गणी लावली, ओरड झाली, मग पुढच्या वर्षी ती बरीच कमी केली. हे त्यांचे धंदे आहेत, त्यांना दोष कशाला द्या. पण आपली स्वाध्यायाची वही कुणाच्या तरी धंद्याच्या भरवशावर आहे, हे आपल्याला ठाऊक असावं. सव्वीस वर्षं चाललेल्या कामाला पुरेल असं यातलं एकही यंत्र अजून झालेलं नाही, कारण या प्रकारच्या वह्याच मुळी २००६ पासूनच्या.

माझ्या यंत्राने गेल्या पावसाळ्यात दोन दिवस मान टाकली होती. दुरुस्तीवाल्याने शांतपणे विचारलं, "बॅकअप आहे ना?" होता, पण त्या दोन दिवसांत मला आजी फार आठवली.

आजीच्या स्वाध्यायाच्या वह्या आम्ही सांगलीहून अंधेरीला आणल्या होत्या. तळमजल्याचं घर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, आणि आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. मुलांना पोटमाळ्यावर बसवलं, धान्याचे डबे वर केले, वेष्टनातली शास्त्रं सगळ्यात आधी उचलली. वह्या पलंगाखालच्या ट्रंकेत होत्या. शाईपेनाने लिहिलेल्या. दुसऱ्या दिवशी उघडल्या तर पानं निळ्या पाण्यासारखी. त्यांतल्या दोन वह्यांमधला मजकूर आज माझ्याकडे आहे, तो केवळ इचलकरंजीच्या आत्याने लग्नाआधी शाळेच्या उरलेल्या वह्यांत तो उतरवून घेतला होता म्हणून. आत्याला कुणी सांगितलं नव्हतं. सासरी जाताना आजीचं काहीतरी बरोबर असावं, एवढंच तिच्या मनात होतं. अनित्य भावनेवर आजीने लिहिलेलं दीड पान त्यात आहे, आणि पुढच्याच पानावर कुरडयांच्या गव्हाचं प्रमाण.

म्हणून मी काय करते ते सांगते, कुणाला उपयोग झाला तर होईल. महिन्याच्या शेवटी सगळी पानं पीडीएफ करून घेते. पीडीएफ कुठल्याही यंत्रावर उघडते. एक प्रत मुलाच्या संगणकावर, एक पेन ड्राइव्हवर. मंदिरात श्रुतपंचमीच्या आसपास आपण शास्त्रं बाहेर काढतो, पुसतो, नवी वेष्टनं शिवतो. त्या दिवसांत मी वर्षभराची स्वाध्यायाची पानं निवडून छापूनही घेते, एका बाजूला, जरा मोठ्या अक्षरात. स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे दोन संच. एक माझ्या कपाटात, माझं घर आता पाचव्या मजल्यावर आहे. दुसरा घाटकोपरला नणंदेकडे.

नणंद ई-इंकला हात लावत नाही. "तुमची पाटी तुम्हालाच लखलाभ, वहिनी," म्हणते. पण तिचं प्राकृत माझ्यापेक्षा पक्कं आहे. दिवाळीत संच परत आला तेव्हा त्यावर लाल पेनाने सतरा ठिकाणी दुरुस्त्या होत्या, त्यांतल्या चार गाथांमध्ये माझा एकेक शब्द सुटला होता. त्या दुरुस्त्या मी यंत्रात केल्या, आणि तिच्या लाल पेनाचा संच तसाच वेष्टनात बांधून ठेवला आहे.